मनाच्या रोगाचें निदान

मनाच्या कोणत्याहि विकारास आम्ही सोलापूरकर सरसकट ‘वेड’ म्हणतों. हिंवताप रक्ताच्या थेंबांत सांपडतो. खिन्नता सांपडत नाहीं. मनोविकारतज्ज्ञ रक्त तपासवितात तें कंठग्रंथीसारखा शारीरिक दोष नाहीं ना, हें पाहण्यापुरतें. मुख्य साधन म्हणजे विचारपूस: झोप लागते काय, अन्न गोड लागतें काय, हें केव्हांपासून? २०२२ पासून अमलांत असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत खिन्नतेचीं दहा लक्षणें दिलीं आहेत; त्यांपैकीं निदानास पांच तरी, दोन आठवडे जवळजवळ रोज, दिसावीं लागतात. नापास झालेल्या मुलाचें दोन दिवसांचें रडें हा रोग नव्हे. पण महिनाभर ज्याला पुस्तकच उघडवत नाहीं, त्याला आळशी ठरविण्यापूर्वीं पालकांनीं सिव्हिल हॉस्पिटलची वाट धरावी, असें आम्हांस वाटतें. हा शिक्का जन्माचाहि नव्हे: पूर्वीं येरवड्याच्या मनोरुग्णालयांत उपचार घेतले, एवढ्यावरूनच कोणास आज मनोरुग्ण ठरवितां येत नाहीं, असें २०१७ चा कायदा सांगतो.