एकटीने सही करू नकोस

अगं, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवरून नुकतीच घरी टेकले होते. "ताई, विमान कंपनीकडून करार आलाय. या आठवड्यात सही करून पाठवायचाय. मी चाळला, ठीक वाटतोय," एवढं तू एका दमात सांगितलंस. मागून मावशी पेढे कधी वाटायचे ते विचारत होती. मला खूप आनंद झाला, पण झोप काही लागली नाही. तुझा तो 'चाळला' शब्द डोक्यात घोळत राहिला. म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

तू इथवर कशी आलीस ते मी पाहिलंय. बारामतीच्या धावपट्टीवर आपला नंबर लागावा म्हणून पहाटेपासून ताटकळलीस, एकेक तास जोडत उड्डाणाचे दोनशे तास पुरे केलेस. त्यासाठी मावशीने निमगावच्या पानमळ्यावर कर्ज काढलं. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून उडालेलं एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या रानात कोसळलं. आत एकटीच मुलगी होती आणि ती थोडक्यात वाचली. तुझं नाव तेव्हा फ्लाइंग स्कूलमध्ये घालायचं होतं. त्या दिवशी मावशीने मला तीनदा फोन केला, पण तुला एकदाही थांबवलं नाही. एवढ्या मोलाने मिळवलेली गोष्ट तू कुणाच्या हाती देते आहेस आणि कोणत्या अटींवर, हे नीट वाचूनच दे.

मीसुद्धा असाच करार चाळला होता. कंपनीचं नाव राहू दे. 'समूहातील किंवा भागीदार कंपनीच्या कोणत्याही कामावर पाठवण्याचा अधिकार कंपनीला राहील,' असं एक वाक्य त्यात होतं. मला वाटलं, बरंच आहे, परदेशी जायला मिळेल. दोन वर्षांनी नवा भागीदार आला. माझा बेस बदलला, पगाराच्या हमीचे तास घटले. विचारायला गेले तर समोरच्याने शांतपणे माझीच सही दाखवली. त्या दिवशी मला आजोबांची आठवण झाली. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. ते वाट्याने रान करायचे. विहिरीच्या पाण्याची पाळी मालकाशी तोंडी ठरलेली होती. मालकाने शहरातला एक भागीदार घेतला आणि तो म्हणाला, "मला हे कुणी सांगितलं नव्हतं." त्या उन्हाळ्यात आजोबांचा कांदा उभ्या वाफ्यात करपला. मालक वाईट नव्हता, नवा माणूसही खोटं बोलत नव्हता. पाळी कुठे लिहिलेली नव्हती, एवढंच.

तू म्हणशील, भागीदारी काय आपल्याला नवी आहे? खरंय. बारामती एमआयडीसीतली पियाजो घे. सुरुवातीला तिथे ग्रीव्ज आणि इटलीची पियाजो दोघी होत्या, २००१ मध्ये पियाजोने सगळा वाटा घेतला. पण तिथे मालक बदलला तरी यंत्रं फरशीत घट्ट बसवलेली आणि काम त्याच शेडमध्ये. आपलं तसं नाही. आपलं कामच उडून जाणारं. दोन देशांच्या कंपन्या एकत्र आल्या की मुंबईहून युरोपला जाणारी फेरी या कंपनीचे वैमानिक नेतील की त्या कंपनीचे, हे त्या दोघी ठरवतात. तिकिटावर तुझ्या कंपनीचं नाव असेल आणि कॉकपिटमध्ये दुसऱ्या देशाचा कॅप्टन. गावात हंगामाला ट्रॅक्टर ड्रायव्हरसकट भाड्याने आणतात ना, तशी विमानंही वैमानिकांसकट भाड्याने येतात. इंडिगोने आधी तुर्की एअरलाइन्सकडून आणि २०२५ पासून नॉर्स अटलांटिककडून मोठी विमानं अशीच घेतली. म्हणून अमेरिकेतल्या डेल्टाच्या वैमानिकांनी आपल्या सामूहिक करारात एक कलम घालून घेतलंय: परदेशी भागीदारांबरोबरच्या मार्गांवर एकूण उड्डाणांतला ठरावीक वाटा आमच्याच वैमानिकांचा राहील. आजोबांची पाण्याची पाळी तीच, फक्त इथे ती कागदावर आहे.

आपल्याकडे काय झालं ते सांगते. विस्तारा माहीत आहेच. टाटांचे ५१ टक्के आणि सिंगापूर एअरलाइन्सचे ४९ टक्के. ९ जानेवारी २०१५ ला पहिलं उड्डाण झालं. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे आली आणि विस्तारा तिच्यात मिसळायची ठरली. २०२४ च्या सुरुवातीला विस्ताराच्या वैमानिकांपुढे नवा करार आला. आधी महिन्याला सत्तर तासांच्या पगाराची हमी होती, ती चाळीसवर आली. उडशील तेवढं मिळेल, हे ऐकायला बरं वाटतं. पण तासांचं रोस्टर तू बनवत नाहीस आणि कर्जाचा हप्ता तासांवर ठरत नाही. बहुतेकांनी सह्या केल्या, पण मन दुखावलं ते दुखावलंच. आधीच ताणलेल्या रोस्टरमध्ये रजा वाढल्या, फेऱ्या रद्द होऊ लागल्या आणि एप्रिलमध्ये दिवसाला पंचवीस-तीस फेऱ्या कमी कराव्या लागल्या. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा हे नावच गेलं. नव्या एअर इंडियात सिंगापूर एअरलाइन्सचा वाटा आता २५.१ टक्के आहे. मालकांच्या वाट्याचा हिशोब दशांशापर्यंत लिहिलेला होता बघ.

त्याआधी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, खुद्द एअर इंडियाच्या वैमानिकांनाही असाच करार आला होता. त्यात अनुभवी कॅप्टनांना 'व्यवस्थापना'त घेण्याची गोष्ट होती. मावशीला सांगितलं असतं तर तिने बढती म्हणून पेढे वाटले असते. इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि इंडियन पायलट्स गिल्ड या दोन्ही संघटनांनी मात्र सही करू नका असं सांगितलं. का, ते समजून घे. कायद्याने 'कामगार' ठरलेल्याला वाद नेण्याचा आणि युनियनच्या आडोशाला उभं राहण्याचा हक्क असतो. व्यवस्थापक झालीस की तो आडोसा सुटतो. दीड हजारांवर वैमानिकांनी तेव्हा रतन टाटांना सह्यांचं निवेदन पाठवलं. पदाचं नाव मोठं झालं की आधी विचारायचं, यात माझा कोणता हक्क गेला?

आता दुसरी बाजूही ऐक, नाहीतर ताईने एकतर्फी सांगितलं म्हणशील. आमच्यातच यावर तासन् तास वाद होतो. काही जण म्हणतात, परदेशी भागीदार आला म्हणूनच मोठी विमानं आली, चांगलं प्रशिक्षण आलं, नवे मार्ग उघडले. कलमांनी कंपनीचे हात बांधले तर ती वाढणार कशी? आणि कंपनीच बुडाली तर करार कुणापुढे नाचवायचा? हे खोटं नाही. जेट एअरवेजमध्ये एतिहाद एअरवेजचा २४ टक्के वाटा होता, तरी १७ एप्रिल २०१९ ला जेटची विमानं जमिनीवर आली ती आलीच. कित्येक वैमानिकांचे महिन्यांचे पगार अडकले. पण त्यातूनच मी उलटा धडा घेतला. भागीदार आपल्या हिशोबाने येतो, आपल्या हिशोबाने थांबतो. त्याच्या भरवशावर वैमानिकाने आपलं लेखी संरक्षण सोडून देऊ नये.

हे संरक्षण एकटीने मिळत नाही, त्याला युनियन लागते. युनियन म्हटली की तुझे बाबा कपाळाला आठ्या घालतील. त्यांनाच विचार, साखर कारखान्यात पगारवाढ कशी ठरते? सरकार, कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय करारानेच ना? एकेका कामगाराने साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन मागितली असती तर काय मिळालं असतं?

युनियनने चुकाही केल्यात, त्या लपवणार नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र आल्या तेव्हा कोण कुणाच्या पुढे, हे वैमानिकांचं आपसात नीट ठरलंच नाही. २०१२ मध्ये ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सकडच्या गटाला का, यावर एअर इंडियाकडच्या गिल्डचा संप पेटला. तो ५८ दिवस चालला, शंभरावर वैमानिकांची नोकरी गेली, गिल्डची मान्यता गेली. भाऊ-भाऊ बांधावरून भांडतात तसं झालं आणि रान तिसऱ्यानेच नांगरलं. याउलट २००९ च्या सप्टेंबरमध्ये युनियन काढली म्हणून जेटने दोन वैमानिकांना काढलं, तेव्हा शेकडो जण आजारपणाच्या रजेवर गेले आणि पाच दिवसांत ते दोघे कामावर परतले. प्रवाशांचे फार हाल झाले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण एकजूट कशाने टिकते आणि कशाने फुटते, ते या दोन गोष्टींत आहे.

संघटनेचं काम म्हणजे संपच असं नाही. आज आपल्याला आठवड्याला ३६ ऐवजी सलग ४८ तास विश्रांती मिळते. त्यामागे वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात चिकाटीने चालवलेली लढाई आहे. रात्री तीनला उतरताना डोळे जड होतात तेव्हा या बारा तासांची किंमत कळते. ती मागे बसलेल्या प्रवाशांचीही आहे.

आता कामाचं. करार काढ आणि पेन्सिल घेऊन बस. हमीचे तास किती आणि ते कंपनीला एकतर्फी बदलता येतात का, ते बघ. नोकरी मध्येच सोडल्यास भरायचा बाँड किती वर्षांचा, रक्कम दरवर्षी कमी होते का, आणि कंपनी दुसऱ्या कुणात मिसळली तर तो कुणाच्या नावे जातो? नोटीस पीरियड को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला बारा, हा विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा २०१७ पासूनचा नियम आहे. म्हणजे नाराज होऊन दुसऱ्या दिवशी निघून जाण्याची सोय आपल्याला नाही, आत शिरतानाच नीट बघावं लागतं. विलीनीकरण झालं तर तुझी सिनियॉरिटी कोणत्या तारखेपासून धरणार? विस्ताराच्या वेळी निवृत्तीच्या वयावरूनही खडाजंगी झाली. विस्तारात साठला निवृत्ती आणि एअर इंडियात पासष्टपर्यंत करारावर ठेवत. वरचे पाच वर्षं थांबले की खालच्या मुलींची कॅप्टनची खुर्ची तेवढीच लांबते. आणि 'समूह', 'भागीदार', 'सहयोगी' हे शब्द जिथे दिसतील तिथे खूण कर. माझं वाटोळं त्याच शब्दांनी केलं.

नव्या मुलीला कंपनी एकही कलम बदलून देणार नाही, हे मलाही माहीत आहे. तरी विचार. विचारलेला प्रश्न ईमेलवर राहतो आणि आलेलं उत्तर पुढे कामाला येतं. तुझ्या बॅचच्या पोरापोरींनाही बसव. त्यांच्याकडेही हाच करार आलाय आणि तेही आपापल्या खोलीत एकटेच चाळत असतील. सगळ्यांनी मिळून एकच पत्र लिहा, त्याच प्रश्नांचं. कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. फी वाटून घेतली तर एकेकाला जड जाणार नाही. नोकरी लागली की पहिल्या पगारातून संघटनेची वर्गणी भर. गरज पडल्यावर दार वाजवणाऱ्यांत आपण नसावं.

मावशीला सांग, पेढे दोन दिवसांनी वाटू. उद्या रात्री मी घरी आहे. करार पुढ्यात ठेवून फोन लाव, बॅचमधल्या पोरींनाही बोलाव. पहिल्या पानापासून वाचू. पाण्याची पाळी कुठे लिहिली आहे ते सापडेपर्यंत सही करायची नाही.

तुझी,
ताई