पहिली शिडाची होडी : लाकडाची की फायबरची?

बीड तालुक्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान 'धाकटी पंढरी' म्हणून सर्वपरिचित आहे. गडाच्या परिसरात दिसतात ते माळ, बाभळी आणि कोरडवाहू शेती. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे तीनशे किलोमीटर दूर. अशा मुलखात शिडाच्या होडीची चर्चा करणे प्रथमदर्शनी विनोदाचे वाटेल. परंतु याच जिल्ह्यात सिंदफणेवर माजलगावचा विस्तीर्ण जलाशय आहे, केज तालुक्यात धनेगावचा मांजरा प्रकल्प आहे, उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि शेजारीच पैठणचा नाथसागर पसरलेला आहे. धरणांनी मराठवाड्याला पाणी दिले, त्याबरोबर पाण्यावर वावरण्याची गरजही दिली. ते वावरणे शिकविण्याचे काम मात्र फारसे कोणी अंगावर घेतलेले नाही. एखादी शाळा, युवक मंडळ वा मच्छीमार सहकारी संस्था आपली पहिली शिडाची होडी घेऊ पाहील, तेव्हा सर्वप्रथम उभा राहणारा प्रश्न हाच की होडीचे अंग कशाचे असावे? अंग म्हणजे डोलकाठी, शीड व सुकाणू वगळता पाण्यावर तरंगणारा मुख्य भाग. शीड फाटले तर नवे शिवता येते, डोलकाठी मोडली तर बदलता येते. अंगाची निवड चुकली तर मात्र सगळीच होडी चुकली.

लाकडाच्या बाजूने बोलणारी परंपरा फार मोठी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर गलबते, गुराबा, मचवे आणि पडाव बांधले गेले ते प्रामुख्याने सागाचे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. दोन शतके टिकणारे दुसरे कोणते साहित्य सांगता येईल? फायबरग्लासचे वय तेवढे नाही. काचेचे तंतू आणि कृत्रिम राळ यांच्या संयोगातून होड्या बनविण्यास १९४०च्या दशकात अमेरिकेत प्रारंभ झाला. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांनी ते साहित्य पुढे स्वीकारले आणि 'फायबरची होडी' हा शब्दही रूढ झाला.

तथापि, समुद्रावरचा अनुभव जसाच्या तसा धरणावर लागू पडत नाही, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे.

खाऱ्या पाण्यात लाकडाचा पहिला शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा टेरेडो हा किडा. दिसायला तो अळीसारखा, पण वास्तविक शिंपल्यांच्या कुळातला. हा जीव गोड्या पाण्यात जगत नाही. त्यामुळे माजलगावच्या जलाशयात लाकडी होडीला त्याचे भय नाही. येथवर सारे लाकडाच्या फायद्याचे. परंतु मीठ हे लाकडाला कुजण्यापासून काही अंशी राखते, ते राखणेही गोड्या पाण्यात उरत नाही. कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. पूर्ण बुडालेले लाकूड सहसा कुजत नाही आणि पूर्ण सुकलेलेही नाही; कुजते ते अधूनमधून भिजणारे, कोपऱ्यात पावसाचे पाणी साचून राहणारे. म्हणूनच जुन्या होडीचे तळापेक्षा काठ आणि सांधे आधी जातात.

यापेक्षाही गंभीर बाब मराठवाड्याच्या हवामानाची आहे. फळ्या जोडून केलेली होडी पाण्यात राहिल्यामुळेच पाणबंद राहते. फळ्या फुगतात, एकमेकींना दाबतात, फटींत ठासलेला कापूस व त्यावरील राळ घट्ट बसते. ती काही महिने उन्हात पडली की फळ्या आक्रसतात आणि फटी उघडतात. कोकणातही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. पण तो विसावा दमट हवेतला असतो, आणि होडी पुन्हा पाण्यात घालताना फटी भरणारा कारागीर गावातच असतो. आपल्याकडे काय होते? २०१६ साली मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी होडी एक-दोन महिने नव्हे, वर्षभरही वैशाखाच्या उन्हात तापत राहील. ज्या जिल्ह्यात धरणच कोरडे पडू शकते, त्या जिल्ह्यात पाण्याच्या भरवशावर पाणबंद राहणारी होडी घेणे व्यवहार्य नाही. बैलगाडीचे चाक बसविणारा कुशल सुतार गावोगावी होता व काही ठिकाणी अजूनही आहे. पण फळीला बाक देऊन ती फासळीवर बसविण्याची विद्या वेगळी आहे, ती बालाघाटच्या डोंगरात मिळत नाही.

फायबरच्या होडीला हा दोष नाही. ती वर्षभर कोरडी पडली तरी तिला फट पडत नाही. साच्याला मेण लावून त्यावर रंगीत राळेचा गुळगुळीत थर, मग काचतंतूंचे मऊ पत्रे व विणलेले जाड कापड, आणि प्रत्येक थरात मुरविलेली राळ, अशी तिची घडण असते. राळ कमी पडली तर तंतू कोरडे राहतात, अधिक झाली तर अंग ठिसूळ होते. दोन्ही दोष वरच्या चकचकीत रंगाखाली झाकले जातात. म्हणून खरेदीच्या वेळी रंगावर न जाता नाण्याने सर्व अंगभर टकटक करून पाहावे. आवाज खणखणीत यावा. एखाद्या जागी तो बद्द आला तर तेथे थर सुटलेले आहेत असे समजावे. आतील बाजूस, जेथे रंग दिलेला नसतो, तेथे पांढरे कोरडे तंतू दिसतात काय हेही पाहावे. लाकडी होडीची परीक्षा आरीने करतात. आरीचे टोक सांध्यात सहज शिरले की पुढे बोलणी करण्याचे कारण उरत नाही.

गोड्या पाण्यात सतत उभ्या राहणाऱ्या फायबरच्या अंगावर पुढे फोड येतात. पाणी वरच्या थरातून अगदी मंदपणे झिरपते व आतील विद्राव्य द्रव्यांशी मिळून दाब निर्माण करते. गोड्या पाण्यात ही क्रिया समुद्रापेक्षा वेगाने होते. तथापि, शिकाऊ छोटी होडी वापरानंतर काठावर ओढून ठेवली जाते, त्यामुळे तिच्या बाबतीत ही भीती किरकोळ आहे. ऊन मात्र किरकोळ नाही. उघड्यावर पडलेल्या होडीचा वरचा थर भुरकट होऊन खडूसारखा हाताला लागतो. जलाशयाचा तळ काळ्या पाषाणाचा, त्यातच बुडालेल्या बाभळींचे बुंधे. पाणी उतरले की ते होडीच्या पोटाला घासतात. लाकडाला खोक पडते. फायबरचा वरचा थर उडतो आणि उघड्या तंतूंतून पाणी आत मुरू लागते. अशी जखम त्याच हंगामात बुजवावी.

हे काम फारसे अवघड नाही. फायबरचे दरवाजे बनविणाऱ्या वा टाक्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे राळ व काचतंतू मिळू शकतात. पण राळ घट्ट करणारे द्रव्य डोळ्यांना अत्यंत घातक असते, आणि ते वेग देणाऱ्या कोबाल्टच्या द्रावणात थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. दोन्ही राळेतच, एकामागून एक, स्वतंत्रपणे मिसळावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी राळ भांड्यातच गोठते, तेव्हा काम सकाळच्या गारव्यात उरकावे. घासकाम करताना नाकातोंडावर पट्टी हवी. शाळेतील मुलांच्या हाती हे काम देऊ नये.

होडी उलटल्यावर काय होते, हा प्रश्न विक्रेत्याला क्वचितच कोणी विचारतो. सागाचे लाकूड पाण्याहून हलके असते. वजनदार बोजा नसलेली लाकडी होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी बहुधा तळाला जात नाही, तिला धरून राहता येते. काचतंतू व राळ यांचे मिश्रण पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते. म्हणजे फायबरची होडी पाण्याने भरली की दगडासारखी बुडते. ती न बुडण्यासाठी तिच्या पोटात हवाबंद कप्पे किंवा फेसाचे ठोकळे बसविलेले असलेच पाहिजेत. हे कप्पे आहेत असे विक्रेता सांगेल. ते ऐकून न घेता पैसे देण्यापूर्वी होडी उथळ पाण्यात बादल्यांनी भरून, वर दोन माणसे बसवून पाहावी. या चाचणीस कोणी हरकत घेतली तर व्यवहार तेथेच थांबवावा. तरंगजाकीट प्रत्येकासाठी, पोहता येणाऱ्यासाठीही.

लाकूड आणि फायबर यांचे वैर असल्यासारखी चर्चा नेहमी होते, पण अलीकडच्या काळातील आपल्या सर्वांत नामांकित शिडाच्या होड्यांनी हा वाद केव्हाच मिटविला आहे. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची 'म्हादेई' घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून जगाला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. त्या होडीचे अंग लाकडी पट्ट्यांच्या गाभ्याचे असून त्यावर काचतंतूंचे व राळेचे आवरण आहे. सहा महिला अधिकाऱ्यांना २०१७-१८ साली जगाची सफर घडविणारी 'तारिणी' हीही त्याच कारखान्यातील व लाकडाच्या गाभ्याचीच. लाकूड ताठपणा व हलकेपणा देते, आवरण पाणी थोपविते. त्याच दांडेकरांच्या देखरेखीखाली पुढे अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून काथ्याच्या दोरीने शिवलेले, खिळ्याविना बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज तयार झाले व मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. मराठवाड्यातील भिंतीवरचे एक चित्र पंधरा शतकांनंतर समुद्रात उतरले, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी.

शिवून होडी बांधण्याची कल्पना शिकाऊ होड्यांतही आली आहे. १९६२ साली ब्रिटनमध्ये निघालेली 'मिरर' ही छोटी होडी प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून व सांध्यांवर काचतंतूंची पट्टी चिकटवून घरच्या घरी बांधता येई. लहान मुलांसाठी जगभर वापरली जाणारी, सुमारे २.३ मीटर लांबीची व ३५ किलो वजनाच्या अंगाची 'ऑप्टिमिस्ट' १९४७ साली प्लायवुडचीच निघाली. आता ती बहुतांशी फायबरची येते.

तेव्हा बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर फळ्यांची होडी नको. संस्थेला तयार होडी विकत घ्यावयाची असेल तर फायबरची घ्यावी. एखाद्या तांत्रिक विद्यालयाला मुलांकडून बांधून घेण्याची हौस असेल, आणि ही हौस धरण्याजोगी आहे, तर प्लायवुडची बांधावी व तिच्यावर काचतंतूंचे आवरण जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. प्लायवुडवर आय.एस. ७१० हे मानक छापलेले पाहून घ्यावे. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून जे दाखवितात ते सर्वच या मानकाचे नसते, आणि या मानकाच्या फळीने ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते. प्लायवुडच्या कापलेल्या कडा राळेने पूर्ण बंद कराव्यात, कारण पाणी शिरते ते कडेतूनच.

वाऱ्याचाही विचार हवा. आपल्याकडे पश्चिमेचा जोरदार वारा जून ते ऑगस्टमध्ये वाहतो, तेव्हा धरणात पाणी बेताचे असते; सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरण भरते, तेव्हा वारा पडलेला असतो. नवशिक्यांना हा दुसरा काळच योग्य. त्यासाठी होडी हलकी हवी, म्हणजे मंद वाऱ्यातही ती चालेल आणि चार मुले ती उचलून काठावर नेतील. पाण्यावर उतरण्यापूर्वी जलाशयाच्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी व बुडालेल्या बुंध्यांच्या जागा स्थानिक मच्छीमारांकडून समजून घ्याव्यात.

हंगाम संपला की होडी धुऊन, कोरडी करून, दोन लाकडी ओंडक्यांवर पालथी घालावी. शेडची सोय नसेल तर कडुनिंबाच्या सावलीत, वर जुने शीड किंवा ताडपत्री टाकून. हवाबंद कप्प्यांची झाकणे मात्र उन्हाळाभर उघडी ठेवावीत, नाहीतर आत कोंडलेली हवा तापून सांधे फोडते.