‘वहिनी, टीव्ही कमी बघा’

मे 2021 मध्ये ‘म्युकर’, म्हणजे काळी बुरशी, हा शब्द अलिबागच्या बाजारात भाजीवालीलाही ठाऊक झाला होता. आमच्या डॉक्टरांनाच तेवढा तो ऐकू येत नव्हता.

कोविडमधून उठून ह्यांना फार दिवस झाले नव्हते. स्टेरॉइडमुळे साखर भडकलेली. उजवा गाल बधिर, वरची दाढ हलणारी, नाकातून चहाच्या चोथ्यासारखं काळपट काहीतरी. मी हे सगळं कागदावर लिहून नेलं, तर कागद न बघताच उत्तर आलं, ‘‘सायनस आहे, वाफ घ्या. दुखत नाही ना, मग बरंच आहे. आणि वहिनी, टीव्ही कमी बघा.’’ दीर म्हणाले, बाईमाणसाने डॉक्टरला शिकवू नये. दातांचे डॉक्टर दाढ उपटायला निघाले होते, मी अडवलं. त्यातच 17 मेला तौक्ते वादळ. वीज गेली, फोन लागेनात.

शेवटी भावाच्या गाडीने वडखळमार्गे मुंबई गाठली. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ‘आ करा’ म्हणत टॉर्च मारला. टाळूवर काळा चट्टा! त्यांनी तो टोचला. ‘‘दुखतंय?’’ हे म्हणाले, ‘‘टोचलंत कधी?’’ रक्ताचा थेंबही नाही. डॉक्टर गप्प झाले. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते, मग पुढचा भाग मरतो. मेलेल्या जागेला दुखणार काय? गावात ज्याला ‘बरंच आहे’ म्हटलं, तोच खरा धोका होता. टॉर्च तर आमच्या डॉक्टरांच्या टेबलावरही होता.

म्हणून सांगते, बधिरपणाला आराम समजू नका. नाकात दुर्बीण घालून तुकडा काढायला लावा. केओएच तपासणीत त्याच दिवशी बुरशी दिसू शकते. कल्चरसाठी अडून बसू नका, म्युकर पुष्कळदा त्यात उगवतच नाही. सुरुवातीला नुसता सीटी साध्या सायनससारखा दिसू शकतो. डोळा-मेंदूपर्यंत गेलंय का, ते कॉन्ट्रास्टच्या एमआरआयमध्ये जास्त नीट कळतं.

आधी इंजेक्शनं, मग बघू, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मेलेल्या भागात रक्तच जात नाही, औषध पोचणार कसं? तो काढावाच लागतो. बुरशीवरच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनच्या कुप्या तेव्हा सरकारी वाटपातून रुग्णालयाला मिळत, तरी माणसं दुकानोदुकानी पळवली जात होती. लायपोसोमल प्रकार महाग, पण मूत्रपिंडाला कमी त्रासाचा. तो डेक्स्ट्रोजमधूनच देतात, सलाइनमधून नाही. तेव्हा साखरेवर नजर हवी. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे रिपोर्ट रोज मागा, नर्स वैतागली तरी. साखर ताब्यात ठेवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

राज्याने हा आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला होता. आम्हाला ते बिल भरून झाल्यावर कळलं. योजनेतलं रुग्णालय कोणतं, हे दाखल करण्याआधीच विचारा.

डोळा वाचला. उजवा वरचा जबडा आणि अर्धी टाळू गेली. आता टाळूच्या जागी प्लेट लावून जेवतात. ती काढली की पाणी नाकातून येतं. जखम आक्रसते तशी प्लेट सैल होते, म्हणून पक्की प्लेट घाईने करून घेऊ नका.

आमचे डॉक्टर अजून बाजारात भेटतात. ‘‘वेळेत मुंबईला नेलं म्हणून वाचले,’’ असं चारचौघांत सांगतात, जणू चिठ्ठी त्यांनीच दिली होती.