परिषदेचे तिकीट आणि उसाची तोड



थंडीच्या दिवसांत पुण्या-मुंबईकडे शेती, ठिबक, साखर, इथेनॉल अशा विषयांची प्रदर्शने व परिषदा भरतात. नेमका तोच आपला गळिताचा हंगाम. दोन महिने आधी मोबाईलवर तिकीट काढून ठेवावे आणि जायच्या आदल्या सांजेला निरोप यावा, उद्या तुमची तोड! टोळी फडात आणि मालक परिषदेत, हे कसं जमायचं? मग भरलेल्या पैशाचे काय? ते त्या दिवशी ठरत नसते. तिकीट काढताना न वाचता 'मान्य' म्हणून ज्यावर बोट दाबले, त्या अटींत ते आधीच ठरलेले असते.

नुसते प्रदर्शन पाहायचे तिकीट स्वस्त असते, तिथे फारसे अडत नाही. अडते ते परिषदेच्या नोंदणी फीपाशी. समजा, फी माणशी ४,००० रुपये आणि आपण चौघे, म्हणजे १६,०००. अट अशी, की ३० दिवस आधी कळवल्यास पाव रक्कम कापू, १५ दिवस आधीपर्यंत निम्मी, त्यानंतर काही परत नाही. महिनाभर आधी कळवले तर १२,००० हाती येतील, वीस दिवस आधी कळवले तर ८,०००. आदल्या दिवशी शून्य. लवकर नोंदणीची सवलत घेतली असेल तर पुष्कळदा महिनाभर आधी कळवूनही काही मिळत नाही. ती सवलत कशापायी, हे आता कळलं असेल.

म्हणून आमच्या मते ऊसवाल्याने 'रद्द' या कलमापेक्षा 'बदली नाव' हे कलम आधी शोधावे. पुष्कळ आयोजक एकाच्या जागी दुसरा माणूस चालवून घेतात, फक्त अमुक दिवसापर्यंत लेखी कळवावे लागते. ती मुदत किती, वेगळे पैसे पडतात का, हे पाहून ठेवावे. ज्याचा फड त्याने थांबावे, लेकीने नाहीतर सुनेने जावे. (कोणत्या सरीत कोणते खत पडले, हे पुष्कळ घरांत त्यांनाच जास्त ठाऊक असते!) बदली चालत नसेल, तर सवलतीच्या मोहात न पडता तोडीचा अंदाज आल्यावरच पैसे भरावेत.

कार्यक्रमच रद्द झाला तर गोष्ट वेगळी. २०२० साली कोरोनाने कितीतरी कार्यक्रम बुडाले. करार पार पाडणेच अशक्य होऊन तो निरर्थक ठरला, तर घेतलेला लाभ परत करावा, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ६५ सांगते. पण 'पुढे ढकलला' म्हटले की तेच तिकीट नव्या तारखेला चालेल, अशी अट असू शकते. नवी तारीख सोयीची नसेल तर पैसे मिळतील का, हे आधीच विचारून घ्यावे. आणखी एक, कलम ७४ प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच मागता येते, करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा.

पैसे भरताना पाहिलेला आकडा आणि शेवटी कापला जाणारा आकडा ताडून पाहावा. किंमत हळूच वाढवत नेणे, न मागितलेली वस्तू बिलात घुसवणे, 'दोनच जागा उरल्या' अशी खोटी घाई करणे, या प्रकारांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

पैसे अडकलेच तर आधी आयोजकाला लेखी कळवावे, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, पुण्या-मुंबईला खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची. मात्र व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा त्या कायद्यात बसत नाही. तेव्हा स्वतःच्या शेतीसाठी जाणाऱ्याने पावती स्वतःच्याच नावावर घ्यावी, भावाच्या दुकानाच्या नावावर नको. अटींचे पानही त्याच दिवशी छापून पावतीला टाचून ठेवावे, कारण मोबाईलवरचे पान नंतर बदलू शकते.