‘आर्कियन’ : अर्थ आणि उगम

पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे मानले जाते. हा अफाट काळ मोजण्यासाठी भूवैज्ञानिकांनी त्याचे चार मोठे विभाग कल्पिले असून त्या प्रत्येकास ‘इऑन’ असे म्हणतात. त्यांपैकी सुमारे 400 कोटी ते 250 कोटी वर्षांपूर्वीचा विभाग म्हणजे ‘आर्कियन’ होय.

ग्रीक भाषेत ‘आर्खे’ म्हणजे आरंभ. त्यावरूनच ‘प्राचीन’ या अर्थाचा ‘आर्खाइओस’ हा शब्द झाला. अमेरिकन भूवैज्ञानिक जेम्स ड्वाइट डाना यांनी 1872 साली ही संज्ञा योजिली. तत्पूर्वी कँब्रियनपूर्व खडकांना ‘एझोइक’, अर्थात निर्जीव, म्हणण्याचा प्रघात होता. डाना यांची संज्ञा केवळ प्राचीनत्व सांगते. त्या काळी जीव होते वा नव्हते, याचा निवाडा करीत नाही. पुढे हेच योग्य ठरले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सुमारे 348 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेल्या थरांचे अवशेष आढळले आहेत.

मात्र ‘आरंभ’ हा अर्थही शब्दशः टिकला नाही. 1972 साली प्रेस्टन क्लाउड यांनी त्याही आधीच्या काळास ग्रीकांच्या पाताळदेवाच्या, हेडीसच्या, नावावरून ‘हेडियन’ हे नाव दिले.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टने झाकलेला असला, तरी गडचिरोली, चंद्रपूर व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या काही भागांत आर्कियन खडक उघडे पडलेले आहेत. तेथील शिक्षकांस या संज्ञेचा पाठ प्रत्यक्ष खडकापाशी उभे राहूनच देता येईल.