राक्षसाची आरोळी आणि शारदा

'टीव्ही आणि इंटरनेटमुळे कलेचा दर्जा घसरला', असं मेसच्या टेबलावर रोज कुणीतरी म्हणतंच. पण सनसनाटी खरंच इंटरनेटने आणली का?

मी माधवनगरची, म्हणजे सांगलीच्या अगदी शेजारची. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत रंगमंचावर यायचे. म्हणजे सनसनाटी तेव्हाही होतीच!

पुढे आमच्या जवळच्याच हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवल यांनी 'संगीत शारदा' लिहिलं. ते १८९९ साली रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभाने बाप आपल्या लहान मुलीचं लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवतो. आजच्या चॅनेलला ही दिवसभराची ब्रेकिंग न्यूज झाली असती. देवलांनी मात्र त्या मुलीचं मन दाखवलं. सनसनाटी घटनेपाशीच थांबते, कला माणसापर्यंत पोचते.

आता आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगते. सिस्टीम जे मोजते, तेच वाढवते. चॅनेल टीआरपी मोजतात. यूट्यूबने २०१२ मध्ये नुसत्या क्लिकपेक्षा व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला, याला जास्त महत्त्व द्यायला सुरुवात केली. पण पाहून झाल्यावर रात्री किती वेळ आपण त्याचाच विचार करत पडलो, हे त्या आकड्यात येत नाही.

या फीडबॅक लूपचं इनपुट आपणच आहोत. म्हणून चांगलं नाटक, चांगला सिनेमा सापडला तर तो शेवटपर्यंत बघा आणि रूममेटलाही दाखवा. नाहीतर आरोळ्याच वाढत जातील आणि शारदेचं कुणाला ऐकूच येणार नाही.