किरणोपचारानंतरचे दात आणि फ्लोराइड

पुणे

चि. विद्यार्थिनीस,


तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार झाले की दातांना पूर्वीचे तोंड राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा केमोथेरपीच्या जोडीने साधारण ६० ते ७० ग्रे इतकी मात्रा, रोज २ ग्रेच्या आसपास, आठवड्यातून ५ दिवस अशी सहा-सात आठवडे दिली जाते. तिने कर्कपेशी मरतात, पण किरणांच्या वाटेत येणाऱ्या लाळग्रंथी, जबड्याचे हाड आणि चावण्याचे स्नायू यांनाही झळ बसते. शेवटचा शेक झाला की आजारपण संपले, असे घरच्यांना वाटते. दातांची खरी काळजी मात्र तेव्हा सुरू होते आणि ती जन्मभर घ्यावी लागते. पुण्यात दवाखाना उघडणाऱ्या दंतवैद्याकडे असा रुग्ण आज ना उद्या येणारच.

भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला १ लाख ३० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण मावा, खर्रा, चुना लावून मळलेली तंबाखू आणि सुपारी सुटलेली नाही. पुणे जिल्ह्यात आणि एकूणच पश्चिम महाराष्ट्रात अनेक बायका आजही सकाळी मिश्री लावतात. बारामतीचे शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तंबाखू-सुपारीच्या सवयीची किंमत किती मोजावी लागली, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. रुग्ण किरणोपचार पुण्यातल्या रुबी हॉल किंवा दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात घेतो, नाहीतर मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातो. पण दात ठणकू लागला की तो धायरी, हडपसर किंवा चिंचवडच्या आपल्या नेहमीच्या दंतवैद्याकडेच येतो. म्हणून हा विषय मोठ्या रुग्णालयांवर सोपवून मोकळे होता येत नाही.

नुकसानीचे मूळ लाळेत आहे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नकण धुऊन नेते, आम्ल सौम्य करते आणि दातांना कॅल्शियम व फॉस्फेट पुरवते. कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथी किरणांना विशेष हळव्या असतात. त्यांच्यावरची सरासरी मात्रा २५-२६ ग्रेच्या आत राहिली तर लाळ बऱ्याच अंशी परत येते. मात्रा ४० ग्रेच्या वर गेली तर बहुतेकांची कायमची आटते. आयएमआरटी या नव्या पद्धतीत किरणांना आकार देऊन ग्रंथी वाचवता येतात, पण गाठ ग्रंथीच्या शेजारीच असली तर तिथेही मर्यादा पडतात. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच लाळ घट्ट आणि तारेसारखी होते. तिचा सामू साधारण ७ वरून ५ च्या आसपास उतरतो. दाताचे कवच ५.५ च्या खाली विरघळू लागते आणि उघडी पडलेली मुळे तर त्याच्याही आधी. म्हणजे अशा तोंडात काही न खाताही दात आम्लात बुडालेले असतात. कीड लावणाऱ्या जंतूंना याहून सोयीची जागा नसते.

या किडीची चाल वेगळी असते आणि ती ओळखता आली पाहिजे. एरवी कीड दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत लागते. इथे ती सुरू होते हिरडीलगतच्या गळ्यापाशी, तेही खालच्या पुढच्या दातांवर. एरवी लाळेत सतत भिजणारे हे दात सहसा किडत नाहीत. आधी खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो, मग तो पिवळट-तपकिरी होऊन दाताला वेढा घालतो. दाढांची टोके आणि पुढच्या दातांच्या कडा झिजून काळवंडतात. पुष्कळदा दुखत नाही. रुग्ण भाकरीचा तुकडा मोडायला जातो आणि दात हिरडीपाशीच तुटून हातात येतो. किरणोपचारानंतर तीन महिन्यांतही ही कीड दिसू शकते आणि काळजी घेतली नाही तर वर्ष-दीड वर्षात सगळे दात जाऊ शकतात.

दात गेले तर कवळी बसवता येईल, हा विचार इथे घातक आहे. किरणांनी जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात आणि हाड नव्याने भरून येण्याची ताकद गमावते. रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये हे सूत्रबद्ध मांडले: प्राणवायू कमी, पेशी कमी, रक्तवाहिन्या कमी. अशा हाडातून दात उपटला तर जखम भरत नाही, हाड उघडे पडून सडते. यालाच ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. वरच्या जबड्यापेक्षा खालच्याला धोका जास्त असतो, आणि वर्षे उलटली तरी तो टळत नाही. कोरड्या तोंडात कवळी हिरडीला घासते, त्या जखमेतूनही हे दुखणे सुरू होऊ शकते. फ्लोराइड इतके महत्त्वाचे आहे ते यासाठी: दात काढण्याची वेळच येऊ नये.

फ्लोराइड तीन प्रकारे काम करते. ते दाताच्या पृष्ठभागाला चिकटून आम्लाने होणारी झीज रोखते. कॅल्शियम-फॉस्फेट परत बसू लागले की त्या भरण्याला वेग देते. नव्याने तयार झालेला थर फ्लोरअपॅटाइटसारखा असतो आणि सामू ४.५ पर्यंत उतरेतो टिकून राहतो. शिवाय जंतूंच्या आम्ल बनवण्यात ते अडथळा आणते. मात्र लाळ नसताना हे सगळे कमी प्रमाणात घडते. म्हणून इथे रोजच्या टूथपेस्टचे फ्लोराइड पुरत नाही. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १,००० पीपीएमपर्यंतच घालता येते. १.१ टक्के सोडियम फ्लोराइडच्या जेलमध्ये ते ५,००० पीपीएम असते, आणि दवाखान्यात लावायच्या ५ टक्के सोडियम फ्लोराइड वार्निशमध्ये २२,६०० पीपीएम.

या उपचाराचा भक्कम पुरावा ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातून आला. सॅम्युअल ड्रायझेन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की १ टक्का सोडियम फ्लोराइडचे जेल ट्रेमध्ये भरून रोज ५ मिनिटे लावले तर कोरड्या तोंडातही दात टिकतात. नुसत्या घासण्याने टिकत नाहीत. तेव्हापासून जगभर हीच पद्धत पायाभूत मानली जाते.

जेल निवडताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. दवाखान्यांत मुलांसाठी ठेवलेले फ्लोराइड जेल बहुधा आम्लयुक्त असते. एपीएफ नावाच्या या जेलने किरणोपचाराने सोलवटलेल्या तोंडात आग होते. ग्लास आयोनोमरचे भरण आणि पोर्सिलेनच्या टोप्याही त्याने खराब होतात. या रुग्णांना सामू ७ च्या जवळ असलेले, म्हणजे उदासीन सोडियम फ्लोराइड जेलच द्यावे. बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये.

ट्रेचे काम किरणोपचार सुरू होण्याआधी उरकावे. अल्जिनेटमध्ये दोन्ही जबड्यांची मापे घ्यावीत, प्लास्टरचे साचे ओतावेत आणि त्यांवर मऊ पारदर्शक शीट व्हॅक्यूम यंत्रात गरम करून बसवावी. कडा हिरडीवर दोन-तीन मिलिमीटर चढतील अशा कापाव्यात. सगळी कीड तिथेच सुरू होते. कड बोटाने तपासून गुळगुळीत करावी, कारण टोचणारी कड म्हणजे नवी जखम. शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग काढला असेल तर उरलेल्या दातांपुरताच ट्रे करावा. ज्या दातांचा भरवसा नाही ते याच वेळी काढून टाकावेत. काढणे आणि पहिला शेक यांत दोन ते तीन आठवडे मिळतील असे पाहावे. निदान दहा-चौदा दिवस तरी मिळावेत. त्यासाठी किरणोपचार देणाऱ्या डॉक्टरांशी आधी फोनवर बोलून घ्यावे.

वापर रात्रीचा असावा, कारण झोपेत उरलीसुरली लाळही थांबते. मऊ ब्रशने दात स्वच्छ करावेत. प्रत्येक ट्रेच्या तळाशी जेलची एक पातळ रेघ ओढावी. काठोकाठ भरू नये. ट्रे बसवल्यावर ५ ते १० मिनिटे मान थोडी पुढे झुकवून बसावे आणि तोंडात येणारे थुंकत राहावे. नंतर ट्रे काढून जेल थुंकून टाकावे, पण पाण्याने चूळ भरू नये. पुढे अर्धा तास खाणे-पिणे नको. ट्रे गार पाण्याने धुऊन डबीत ठेवावा. गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो. किरणोपचार चालू असताना तोंड फार सोलले तर काही दिवस थांबायला हरकत नाही, पण जखमा भरताच पुन्हा सुरू करावे. त्यानंतर त्यात खंड नको. तोंडात दात असेपर्यंत हे रोज करायचे, असे रुग्णाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

सुपारीने आधीच तोंड आवळलेले, त्यात किरणांनी स्नायू ताठरलेले. पुण्यातल्या पुष्कळ रुग्णांत ट्रे आत जात नाही. अशा वेळी तेच जेल मऊ ब्रशने दातांवर चोळावे, आणि दंतवैद्याने दर तीन महिन्यांनी वार्निश लावावे. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एकेक वाढवायची. ही साधी रीत पुष्कळ रुग्णालयांत शिकवतात.

फ्लोराइड म्हटले की काही घरांत भीती असते, आणि तिला कारण आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडलेली माणसे आढळतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर १.५ मिलिग्रॅम असावे. पण दातांवर डाग पडतात ते लहानपणी, दात घडत असताना ते पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने. प्रौढ माणसाने जेल लावून थुंकणे ही वेगळी गोष्ट आहे. तरी सावधगिरी हवी: अशा २ मिलिलिटर जेलमध्ये सुमारे १० मिलिग्रॅम फ्लोराइड असते, म्हणून ते गिळू नये आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. ज्याला गिळणे-थुंकणे सांभाळता येत नाही, त्याला ट्रेऐवजी वार्निश द्यावे.

फ्लोराइड एकटे सगळे पेलू शकत नाही. घसा कोरडा पडतो म्हणून रुग्ण खडीसाखर चघळतो, लिमलेटची गोळी तोंडात धरतो, साखरेच्या चहाचे दिवसभर घोट घेतो. वजन घटू नये म्हणून गोड पावडरचे दूध चालूच असते. साखर किती यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली, हे इथे महत्त्वाचे ठरते. गोड जेवणाच्या वेळीच घ्यावे आणि लगेच साधे पाणी प्यावे. लिंबू, चिंच, आवळा सुपारी टाळावी. मऊ भात, वरण, भाजीत कुस्करलेली भाकरी बरी. पाण्याची बाटली सतत जवळ असावी. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात. सोड्याने तोंडातले आम्ल मारले जाते. अल्कोहोल असलेले माउथवॉश, खरबरीत मंजन आणि मिश्री पूर्ण बंद करावी. लाळ वाढवणारी पिलोकार्पिनची गोळी काहींना उपयोगी पडते, पण दमा किंवा काचबिंदूचा काही विशिष्ट प्रकार असलेल्यांना ती चालत नाही. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी.

तपासणी दर तीन महिन्यांनी करावी. दर वेळी खालच्या पुढच्या दातांचा गळा वाळवून, उजेडात पाहावा. पांढरा पट्टा दिसला तर जेलचा वापर कसा चालला आहे हे रागावल्याशिवाय विचारावे. रागावले की रुग्ण खोटे बोलतो आणि दात जातो. खड्डा झाला असेल तर लगेच भरावा. ग्लास आयोनोमर आजूबाजूची कीड रोखते, पण कोरड्या तोंडात स्वतः झिजते, म्हणून ते दर भेटीत तपासावे. दात वाचण्यासारखा नसला तरी चिमटा उचलू नये. शक्य तिथे रूट कॅनाल करून, वरचा भाग कापून, मूळ हाडातच ठेवावे. काढल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर किरणोपचार केंद्राशी बोलून, अनुभवी मुखशल्यविशारदाकडे पाठवावे. धनकवडीचे भारती विद्यापीठ, कॅम्पातले रंगूनवाला आणि पिंपरीचे डी. वाय. पाटील या दंत महाविद्यालयांत असे विभाग आहेत.

प्रत्येक रुग्णाला एक कार्ड द्यावे. त्यावर किरणांची एकूण मात्रा, जबड्याची बाजू, उपचार संपल्याची तारीख आणि ‘विचारल्याशिवाय दात काढू नये’ ही सूचना मराठीत लिहावी. घर बदलले, दंतवैद्य बदलला किंवा दहा वर्षे गेली तरी पुढच्याला ते दाखवता येईल. नव्या रुग्णाला दात काढण्याआधी ‘मानेला किंवा तोंडाला शेक घेतला आहे का?’ हे विचारण्याची सवय दवाखाना उघडण्याच्या पहिल्या दिवसापासून लावावी.


शिक्षक